खाच

दात जरासा वाकडा बसला होता – वरच्या ओळीतला, पुढच्या दोन मोठ्यांच्या डावीकडचा – आणि तो वाकडाच राहायला हवा होता. मेण अजून कोमट होतं. त्याने नखाने दाताला केसभर ढकललं, एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा जरासं मागे घेतलं... आता बरं. सगळे दात शिस्तीत एका ओळीत उभे केले की कवळी लांबूनच ओळखू येते. एखादा तिरका ठेवला, एखाद्याची कड थोडी झिजवली, की ती घालणारी बाई खळखळून हसली तरी बघणाऱ्याला शंका येत नाही. खोट्यात थोडं व्यंग ठेवावं लागतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हातांनीच आपलं आपण शोधून काढलं होतं.

आज खरं तर त्याने कामावर यायचंच नव्हतं. दुपारी व्हिसाची मुलाखत. रजा टाकलेली, इस्त्रीचा लांब बाह्यांचा शर्ट अंगात, कागद प्लास्टिकच्या फायलीत... पण घरी बसवेना. नुसतं बसून राहिलं की समोरची भिंतसुद्धा विचारायला लागायची – घेतलंय का कधी? म्हणून तो सकाळीच दातांच्या दवाखान्यामागच्या या चिंचोळ्या खोलीत येऊन बसला होता. इथे फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात, सगळे उघडे, आणि एकही जबडा काही विचारत नाही.

प्रश्न एवढासा. फॉर्मच्या अगदी शेवटी, जिथे माणूस कंटाळलेला असतो तिथे. फॉर्म भरला होता कोपऱ्यावरच्या एजंटने, पडद्यावर बघत, एका हाताने मिशी कुरवाळत – बॉम्ब बनवलाय? नाही. माणसं पळवलीत? नाही. अमली पदार्थांचं व्यसन आहे किंवा होतं? नाही. बोट थांबलंच नाही त्याचं. "अहो काका, हे पान सगळ्यांचंच 'नाही' असतं. इथे 'हो' म्हणायला कोण बसलंय?" – आणि तो हसला होता. एजंट हसला म्हणून तोही हसला, पानाखाली सही केली, आणि रस्त्यावर आला. तेव्हाच सांगायला हवं होतं. थांबा हो, त्यातलं एक 'हो' आहे. पण एजंटच्या दुकानात आणखी चारजण बसले होते, आणि खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत होते.

हो म्हटलं तर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. व्यसन सोडलेल्यांच्या गुरुवारच्या बैठकीतल्या ट्रकवाल्याने 'हो' म्हटलं होतं. त्याला कुणी बेड्या घातल्या नाहीत, ओरडलंही नाही कुणी. एक चिठ्ठी देऊन त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवलं – रक्त, लघवी, कधी सुरू केलंत, कधी सोडलंत, सोडल्याचे कागद आणा. मग पुन्हा तपासणी, पुन्हा वाट. मिळाला असता कदाचित, ट्रकवाला म्हणतो, पण तोवर ज्या लग्नाला जायचं होतं त्या लग्नातल्या जोडप्याला मूल झालं. आणि नाही म्हटलं तर? कुठल्यातरी दवाखान्याच्या जुन्या कागदात, कुठल्यातरी पोलीस चौकीच्या नोंदीत तुमचं नाव निघालं, की मग व्यसनाचा प्रश्न बाजूलाच राहतो. खोटं बोललात म्हणून दार बंद, आणि ते कायमचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावर हा कवळ्या करणारा माणूस, हातात मेणाचा गोळा घेऊन.

डॉक्टर, कागद, वाट – हे सगळं त्याने आनंदाने केलं असतं. पण तिकडे परदेशात ताईच्या पोटातली गाठ वाट बघणार नव्हती. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तिकडचा डॉक्टर तिला म्हणाला होता, ज्यांना भेटायचंय त्यांना आधी बोलावून घ्या. हे तिने फोनवर असं सांगितलं की जणू घराला रंग द्यायचाय, त्याआधी पाहुणे येऊन जाऊ देत.

आणि मग म्हणाली, "विचारलं तर 'नाही' म्हण. आणि ये."

ताई म्हणाली हे. ताई – जी त्याला शोधत पुलाखाली आली होती, गोदामांमागे आली होती, एकदा तर चप्पल तुटली म्हणून अनवाणी आली होती, आणि त्याचं बखोट धरून म्हणाली होती, मला एकदा, फक्त एकदा खरं सांग रे... आणि तो म्हणाला होता, तुझ्या गळ्याशप्पथ ताई, आता काही नाही. तेव्हा पुडी मोज्यात होती, घोट्याला टोचत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "खोटं बोलतोस ना, तेव्हा तुझा आवाज गोड होतो. लहानपणापासून. खरं बोलताना तू खेकसतोस." तिने त्याला उपचार केंद्राच्या दारात नेऊन सोडलं त्या दिवशी तो तिच्यावर इतका खेकसला होता की रखवालदार घाबरला, आणि ताई मात्र रडता रडता हसली होती. त्याच ताईने आता सांगावं – खोटं बोल. यात किती भीती आहे हे कुणाला कळेल? मरणाची भीती वाटल्याशिवाय ती असं म्हणणार नाही. म्हणजे तिला ती वाटतेय.

त्याने दिवा विझवला, कवळी झाकून ठेवली, आणि निघताना खिशात हात घालून पाहिलं. बिल्ला होता. आणि बारीक कानसही, संध्याकाळसाठी, रुमालात गुंडाळलेली.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बिल्ला बोटांनी चाचपत बसला. रुपयाएवढी पितळी चकती, कडेला खाचा. बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक असते. वर्ष पार पडलं की एक खाच, आणि ती आपली आपण पाडायची नाही. दुसऱ्याने पाडायची. आपल्यासारख्यांनी स्वतःविषयी दिलेली साक्ष काय कामाची, असं मास्तर म्हणतात – शाळेत कवायत शिकवायचे, गोळ्या खाऊन शिकवायचे, आता गुरुवार चालवतात. आणि जो दुसऱ्याची खाच पाडणार, त्याला मास्तर आधी सगळ्यांसमोर विचारतात: गेल्या गुरुवारपासून काही लपवलंस? घेतलंस का असं नाही विचारत. घेण्याआधी माणूस लपवायला लागतो, म्हणतात. आधी लहानसं काहीतरी, दुधाचे पैसे, उशीर का झाला ते... पुडी शेवटी येते. लपवलं असेल तर सांगायचं, त्या दिवशी कानस दुसऱ्याच्या हाती जाते, कुणी रागावत नाही. पण लपवलेलं लपवून कुणी खाच पाडली, तर ती ज्याच्या बिल्ल्यावर पडते त्याचं वर्षच खोटं होतं. असं ते मानतात. वेडेपणा म्हणा हवं तर. या वेडेपणावर कितीतरी माणसं उभी आहेत.

आज गुरुवार. आज नर्सबाईंची पहिली खाच होती. वॉर्डातल्या औषधाच्या कपाटातून स्वतःसाठी सुया चोरणारी, नोकरी गेलेली, बोलताना पदर बोटाला गुंडाळणारी बाई – तिने गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, माझी खाच दातोबांनी पाडावी. दातोबा म्हणजे हा. कानस यांचीच चांगली चालते, असं म्हणाली. पण कारण ते नव्हतं. पहिल्या दिवशी ती दारातून परत फिरत होती तेव्हा तो तिला म्हणाला होता, "बसा. इथे खोटं बोलावं लागत नाही, त्यानेच निम्मी झोप लागते."

बस वळली तशी त्याची बोटं बिल्ल्यावर थांबली. मुलाखतीच्या खिडकीत 'नाही' म्हटलं, तर संध्याकाळी...? इतके दिवस त्याने मुलाखतीचा विचार केला होता आणि संध्याकाळचा वेगळा केला होता, दोन कप्प्यांत, आणि दोन्ही एकाच दिवशी येतात हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. का आलं नसेल? की आलं होतं?

दारावरच्या रखवालदाराने खिसे रिकामे करायला लावले. किल्ल्या, पाकीट, रुमाल. रुमालातून कानस निघाली तसा तो दचकला.

"हे काय आणलंत? हत्यार आहे हे."

"दात घासतो हो त्याने."

रखवालदाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"लोकांचे. कवळ्या करतो मी."

"बरं बरं. इथेच राहील. आणि ही कसली चकती? किल्ली आहे?"

"हो, जुन्या कपाटाची," तो म्हणाला, आणि चकतीही तिथेच ठेवून आत गेला.

हॉलमध्ये खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. कुणी एकजण हलला की सगळी ओळ हलायची. त्याच्या शेजारची बाई काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक पाठ केलेली उत्तरं. काचेच्या खिडक्या, प्रत्येकीमागे एक माणूस, वर लाल आकडे. मधल्या खिडकीतून एक तरुण जोडपं परत फिरलं, बाईच्या हातात पासपोर्ट तसाच. दोघं एकमेकांकडे न बघता चालत गेली. शर्टाच्या बाह्या त्याने मनगटापर्यंत ओढल्या. कोपराच्या आतल्या बाजूला आता काही दिसत नव्हतं, एक-दोन पांढरट ठिपके, ते सुद्धा माहीत असलेल्यालाच दिसतील असे. पण चोराच्या मनात चांदणं. सगळा हॉल आपल्या कोपराकडेच बघतोय असं त्याला वाटलं. मी हो म्हणणार आहे, त्याने ठरवलं. म्हणणार, होतं, खूप वर्षांपूर्वी, आता नाही, बैठकीला जातो, डॉक्टरकडे पाठवायचं तर पाठवा पण बहीण... बाई, माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे, तेवढं बघा. हे तो म्हणेल. खेकसून म्हणेल. आणि ताई त्याच्याशिवाय आत जाईल, पांढऱ्या चादरीखाली, दारं मिटतील... नको. नाही म्हणेन. सगळेच म्हणतात. हो. नाही. आकडा बदलला की त्याचं उत्तर बदलत होतं, आणि आपला नंबर लागेल तेव्हा कुठलं वर असेल हे आपल्या हातात नाही याची त्याला इतकी भीती वाटली की त्याने खुर्चीची कड धरली. ओळ हलली. शेजारच्या बाईने रागाने पाहिलं.

खिडकीतली अधिकारी बाई त्याच्याच वयाची असेल. चष्मा दोरीला बांधलेला. आवाज छोट्या जाळीतून यायचा, जरा उशिरा आल्यासारखा.

"कोणाकडे जायचंय?"

"बहिणीकडे. थोरली. तिचं ऑपरेशन आहे, पोटाचं."

"तुम्ही काय करता?"

"कवळ्या बनवतो."

"परत येणार ना?"

"येणार तर. एका बाईंची अर्धी करून आलोय, त्या जेवायच्या खोळंबल्यात."

ती हसली नाही, पण ओठ हलले. पडद्यावर काहीतरी पाहत राहिली. बराच वेळ. काय आहे तिथे? चौकीचा कागद? केंद्राचं नाव? तिने चष्मा वर केला.

"अमली पदार्थ कधी घेतलेत?"

दातखीळ बसली. खरोखरच, जबडा हलेना. काचेत त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, तिच्या चेहऱ्यावर पुसटसा. हो, म्हण. म्हण ना...

आणि मग एक आवाज आला. मऊ, मोकळा, जरा लाजल्यासारखा, ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा.

"छे हो, मॅडम. सिगारेट होती एकेकाळी, रोज पाकीटभर. पण ती सोडताना मात्र जीव गेला बघा माझा."

आता ती हसली. "आमच्या घरी सांगून जा एकदा, कशी सोडतात ते." शिक्का उचलला. "पासपोर्ट पोस्टाने येईल. बहिणीची काळजी घ्या."

तो आभार मानून बाजूला झाला. सिगारेट त्याने आयुष्यात कधी ओढली नव्हती. कुणी मागितली नव्हती ती. नुसतं 'छे हो' पुरलं असतं. पण हातांनी आपलं काम केलं होतं, एक दात वाकडा ठेवला होता. कधी ठेवला? कुणी ठेवला? आणि तेवढ्यात बेंबीपाशी काहीतरी उकललं आणि वर पसरू लागलं, छातीत, खांद्यांत, बोटांच्या टोकांपर्यंत – ऊब. सगळं ठीक आहे अशी, कुणी काही करू शकत नाही अशी, आईच्या कुशीत शिरल्यासारखी ऊब. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. ही त्याला ठाऊक होती. ही सुटली म्हणूनच तर बिल्ल्याच्या कडेला एवढ्या खाचा होत्या. आणि आज ती पुडीशिवाय आली, सुईशिवाय आली, नुसत्या एका वाक्याच्या पाठीमागून आली... आणि त्याला ती आवडली. हेच सगळ्यात वाईट होतं. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

रखवालदाराने बिल्ला आणि कानस परत दिली. "घ्या तुमची कपाटाची किल्ली," म्हणाला. तेव्हा त्याला कळलं की सुरुवात खिडकीत झालीच नव्हती.

ताईचा फोन तो रस्ता ओलांडत असतानाच आला. तिकडे पहाट असणार. म्हणजे ती जागीच होती.

"बोल."

"मिळाला गं."

तिचा श्वास सुटलेला ऐकू आला.

"विचारलं त्यांनी?"

हो म्हटलं असतं तर ती जन्मभर – जितका असेल तितका – हे डोक्यावर घेऊन बसली असती, की मी त्याला खोटं बोलायला लावलं. तिला हे कशाला? ऑपरेशनला जाताना कशाला?

"नाही गं ताई. कवळ्यांविषयीच विचारत बसली होती बाई. मला वाटलं आता स्वतःची मापं देते की काय."

ती हसली नाही. रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या, आणि त्याला स्वतःचा आवाज अजून कानात ऐकू येत होता. गोड होता.

"बरं," ताई म्हणाली. आणि मग, "जेवलास का?"

तेव्हाही ती असंच करायची. पुलाखाली, गोदामांमागे, त्याने शप्पथ घेतली की ती त्याच्याकडे बघायची, तिला कळायचं, आणि आता आणखी विचारायचं नाही असं ठरवलं की ती म्हणायची, जेवलास का. तो फूटपाथवर उभा राहिला आणि त्याला वाटलं, आपण भेटणार आता, ताई आणि मी, तिच्या खोलीत, तिच्या पलंगाशी. पण आपल्या दोघांमध्ये हे बसलेलं असेल, पाय पसरून. त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. ऊब अजून पूर्ण ओसरली नव्हती.

संध्याकाळी शिकवणीच्या वर्गात दिवे लागले. मुलं गेली की ही खोली बैठकीला मिळते. बाकं लहान, मोठ्या माणसांचे गुडघे आत मावत नाहीत, म्हणून सगळे तिरके बसतात. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. नर्सबाई आज नवी साडी नेसून आल्या होत्या, आणि त्यांच्या हातातला बिल्ला कोरा होता, कड अजून सगळीकडून गुळगुळीत. त्यांनी तो पुढे केला तेव्हा चेहरा सबंध उघडा होता, असा चेहरा त्याने या खोलीबाहेर कुठे पाहिला नव्हता.

सांगायला काय लागतं? आज दुपारी मी खोटं बोललो, दोनदा, नाही – तीनदा. कानस ट्रकवाल्याला द्या. कुणी रागावणार नाही. मास्तर मान हलवतील. पण मग मास्तर विचारतील, आता काय करणार? आणि त्याला एकच उत्तर असेल – खिडकीत परत जाणं, डॉक्टर, कागद, वाट. ताई... किंवा तो सांगेल, आणि तरीही जाईल, आणि तिकडच्या विमानतळावर पुन्हा कुणीतरी विचारेल, आणि तेव्हाही ऊब येईल. आणि नर्सबाईंचा तो चेहरा – इथे खोटं बोलावं लागत नाही असं मीच म्हणालो होतो ना यांना?

त्याने रुमाल सोडला. कानस पितळेच्या कडेला टेकवली.

"दातोबा," मास्तर म्हणाले, "आधी सांग. गेल्या गुरुवारपासून काही लपवलंस?"

उत्तर आलेलंच होतं. त्याने बोलावलं नव्हतं, ते आपणहून जिभेवर येऊन बसलं होतं, मऊ, मोकळं, आणि शेजारी त्याचा वाकडा दातही तयार होता – लपवलं म्हणजे, मास्तर, डॉक्टरने बंद केलेली साखर परवा चहात दोन चमचे घातली – आणि सगळे हसतील, नर्सबाईही हसतील, कानस चालेल. सकाळपासून तो एका खिडकीला घाबरत होता. आता समोर काच नव्हती, जाळी नव्हती, त्याच्यावर विश्वास टाकलेली चार माणसं होती, आणि तो स्वतःच्या जिभेला घाबरला; ती आपल्याआधी हलेल या धास्तीने त्याने दात घट्ट आवळून धरले.